हरकत नसलेला माणूस

माझ्या सासऱ्यांना जग जसं आहे तसं कधीच दिसलेलं नाही. ते जसं आखायला हवं होतं तसंच दिसतं. समोर समुद्र आला तरी त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पोचरस्त्याचा. सरकारी नगररचना खात्यात त्यांची उभी हयात गेली. वाढत्या शहरांच्या कडेला कुठे घरं व्हावीत, कुठे कारखाने, कुठे नुसतं गवत वाढू द्यावं, हे ठरवून नकाशांवर पिवळे, जांभळे, हिरवे रंग भरायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर खात्याने त्यांना सोडलं, त्यांनी मात्र खातं सोडलं नाही. विरार पूर्वेला फुलपाड्यात, जिथे दोन बिल्डिंगींच्या मधून वारासुद्धा अंग चोरून जातो, तिथे एका जुन्या चार मजली बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर ते आणि सासूबाई राहतात. "नगररचनाकाराने फुलपाड्यात राहायचं म्हणजे वैद्याने साथीच्या गावात बिऱ्हाड करण्यासारखं आहे," असं मी एकदा थट्टेने म्हणालो. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग वैद्याने कुठे राहायचं, जावईबापू?"

आमचं लग्न ठरायच्या वेळी ते आमचं घर बघायला विरार पश्चिमेला आले होते. मुलाचा पगार, मुलाच्या सवयी, मुलाचा मोठा भाऊ काय करतो, यातलं त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. चहा झाल्यावर ते गच्चीवर गेले, चारी बाजूंनी खाली वाकून पाहून आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मागे नाला होता का हो?" वडील म्हणाले, "होता. आता बुजवला. आता काही त्रास नाही." सासऱ्यांचा चेहरा कुणाच्या तरी जाण्याची बातमी ऐकावी तसा झाला. "नाला बुजतो, जात नाही," एवढंच ते म्हणाले. घरी जाऊन त्यांनी मुलीला सांगितलं, "मुलगा बरा आहे. घर पाण्याच्या वाटेवर आहे, पण दुसऱ्या मजल्यावर आहे. हो म्हणायला हरकत नाही." माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयात माझ्या बाजूने फक्त मजला उभा राहिला. पुढे लग्नातही त्यांनी हॉलमधली गर्दी नीट वाहावी म्हणून दोऱ्या बांधून येण्याजाण्याच्या एकदिशा वाटा आखल्या. त्या इतक्या चोख होत्या की जेवून बाहेर पडलेला माणूस पुन्हा नवराबायकोपर्यंत पोचू शकत नव्हता. माझा मामा आहेराचं पाकीट हातात घेऊन हॉलला तीन प्रदक्षिणा घालून शेवटी स्वयंपाक्यांच्या दाराने आत आला.

घरातही त्यांची आखणी चालूच असते. ताटात वरण, भाजी आणि चटणी यांच्यामध्ये, इमारतींभोवती सोडतात तसं, सामासिक अंतर लागतं; एकाची हद्द दुसऱ्यात गेली तर ते जेवण थांबवून आधी सीमा नीट करतात. खिडकीतून आत आलेल्या मांजराला ते "शुक" म्हणत नाहीत, "अतिक्रमण" म्हणतात, आणि गंमत म्हणजे मांजर जातं. डायनिंग टेबलाचा वापर त्यांच्या लेखी मिश्र आहे, म्हणजे तिथे जेवता येतं, पेपर वाचता येतो, पण इस्त्री करता येत नाही. फ्रिजमधला एक कप्पा त्यांनी भविष्यातील वाढीसाठी राखून ठेवला आहे. तो कायम रिकामा असला पाहिजे असा त्यांचा आग्रह, आणि त्यात कायम काहीतरी असतं ही सासूबाईंची वस्तुस्थिती. एकदा ते कोथिंबिरीची जुडी बाहेर काढून ठेवत असताना सासूबाई कणीक मळता मळता शांतपणे म्हणाल्या, "तुमचं भविष्य येईल तेव्हा बघू. तोवर माझी कोथिंबीर राहू दे तिथे." त्यांनी जुडी परत आत ठेवली. खात्यात काय असेल ते असो, पण घरात सक्षम प्राधिकारी कोण, याबद्दल त्यांच्या मनात कधी गोंधळ नव्हता.

त्यांना घेऊन सहलीला जाणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. चिंचोटीच्या धबधब्यावर आम्ही सगळे गेलो होतो. पाण्याचा आवाज ऐकून पोरंटोरं धावत सुटली, आणि सासरे गाड्या लावायच्या जागेपाशीच थांबले. वाकड्यातिकड्या लागलेल्या गाड्या बघून त्यांना पुढे पाऊल टाकवेना. आम्ही भिजून, कुडकुडत, मक्याची कणसं खात परत आलो तेव्हा ते हात हलवत एका बसला मागे घेत होते, आणि तिथल्या सगळ्या गाड्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा रांगेत होत्या. लोकांना ते तिथले अधिकृत माणूस वाटत होते. एका बाईने जवळ येऊन विचारलं, "काका, लेडीज टॉयलेट कुठे आहे?" सासरे गंभीरपणे म्हणाले, "तोच तर मूळ प्रश्न आहे, ताई." धबधबा त्यांनी पाहिलाच नाही. परतीच्या वाटेवर मात्र ते सगळ्यांत खूश होते.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आमची लेक वाळूचा किल्ला करायला बसली, तेव्हा तिच्या आजोबांनी आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते पाहायला लावलं. मग नाला, मग रस्ता, मग मोकळी जागा, आणि एवढं सगळं झाल्यावर उरलेल्या जागेत एक लहानसा किल्ला. शेजारच्या मुलांचे बुरूज कमरेएवढे झाले तरी आमचं अजून गटारच चाललं होतं. भरती आली. सगळ्यांचे किल्ले गेले, आमचाही गेला. लेक रडायला लागली तेव्हा आजोबा तिच्याशेजारी उकिडवे बसून म्हणाले, "गेला खरा. पण पाणी कसं शिस्तीत गेलं, बघितलंस ना? कुणाच्या घरात न शिरता गेलं." ती रडायची थांबली. आता ती शाळेच्या डब्यातही पोळी आणि लोणच्याच्या मध्ये रस्ता सोडते. माझी बायको म्हणते, रक्तातच आहे, काय करणार.

पण हे सगळं हसण्यावारी नेणारा मी, एकदा त्यांच्याबरोबर विरारमधून पायी फिरलो आणि मग तितकंसं हसू येईना. बाजारातून जाताना एका उंच बिल्डिंगकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथे शाळा होती." मी म्हटलं, "अच्छा? कधी पाडली?" ते म्हणाले, "पाडली नाही. झालीच नाही. आराखड्यात होती." थोडं पुढे गेल्यावर, जिथे गाळ्यांची रांग आहे तिथे, "इथे बाग होती. दोन फाटकं होती बागेला, म्हणजे शाळेतून सुटलेली मुलं एका फाटकाने आत आणि दुसऱ्याने घरी." मग दवाखाना, मग भाजी मंडई, मग एक मैदान. इथे नुसती भातखाचरं होती, बांधावर माणसापेक्षा बगळे जास्त दिसायचे, तेव्हा एक तरुण अधिकारी चिखलाचे बूट घालून इथून फिरला होता आणि त्याने मनात एक गाव वसवलं होतं. आपण राहतो ते विरार सगळ्यांना दिसतं. न झालेलं विरार त्या एका माणसाला दिसत होतं, आणि तो ते मला मालमत्ता दाखवावी तसं नाही, तर माहेरचं घर दाखवावं तसं दाखवत होता. "राग नाही येत तुम्हाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "कुणाचा? गावाकडून माणसं निघाली, त्यांना रात्री पाठ टेकायला जागा हवी होती. ती काय माझा आराखडा पुरा होईपर्यंत उभी राहणार होती?"

नवा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा सासरे जत्रेला निघावं तसे कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो पाहायला गेले. भिंतभर नकाशा, आणि त्यासमोर आपापलं घर शोधणाऱ्या माणसांची दाटी. आपल्या घरावर कुठला रंग आलाय, कुठली रेघ आलीय, ते हुडकायचं आणि हरकत असेल तर ठरलेल्या मुदतीत द्यायची, अशी पद्धत. सासऱ्यांनी शेजारच्या चारपाच जणांना त्यांची घरं शोधून दिली. मग त्यांनी स्वतःचं शोधलं. डोंगराच्या पायथ्याला असलेल्या चाळींपासून मुख्य रस्त्यापर्यंत एक नवा रुंद रस्ता दाखवला होता, आणि तो त्यांच्याच बिल्डिंगच्या पुढच्या अंगणावरून जात होता. कंपाउंडची भिंत, गाड्या लावायची जागा, आणि भिंतीच्या आतल्या पट्ट्यात सासूबाईंनी वाढवलेली झाडं, म्हणजे कढीपत्ता, जास्वंद आणि दारापाशीचा अनंत, हे सगळं रस्त्यात. घराची खिडकी थेट रस्त्यावर.

सोसायटीला ही बातमी कळताच सगळ्यांनी एकाच दाराकडे धाव घेतली. घरात साक्षात नगररचनाकार असताना काळजी कसली? काकांनी एक झकास हरकत लिहायची, खाली सगळ्यांनी सह्या करायच्या. सेक्रेटरी स्वतः पेढे घेऊन आले. सासरे म्हणाले, "आधी जागा बघून येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन ते आणि मी गल्लीतून मागे चाळींकडे गेलो. जसजसं आत जावं तसतशी गल्ली निमुळती होत जात होती, आणि शेवटी तर छत्री उघडता येणार नाही इतकी. शेवटच्या खोलीच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. सासऱ्यांनी तिला विचारलं, "इथे रिक्षा कुठवर येते?" ती हसली. "रिक्षा? काका, इकडे सायकल पण ढकलत आणायला लागते. माणूस आजारी पडला तर खुर्चीवर बसवून चौघांनी उचलायचं, पार मेन रोडपर्यंत. माझ्या सासूला तसंच नेलं गेल्या वर्षी. म्हातारी तापात होती, तिला वाटलं आपली वरात निघाली. सगळ्यांना हात करत होती." मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "परत आली नाय ती." सासऱ्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला.

संध्याकाळी गच्चीवर सोसायटीची सभा भरली. सासरे उभे राहिले आणि म्हणाले, "मी जाऊन पाहिलं. रस्ता बरोबर आहे. हरकत घेण्यासारखं त्यात काही नाही." क्षणभर सगळ्यांना वाटलं की ते प्रस्तावना करताहेत. प्रस्तावना संपली आणि ते खाली बसले, तेव्हा गलका उठला. सेक्रेटरींनी सगळ्यांना शांत करून विचारलं, "काका, एक सांगा. तुम्ही आपल्या बाजूचे की त्यांच्या?" सासरे म्हणाले, "मी रस्त्याच्या बाजूचा आहे. तुम्हीही सगळे रस्त्याच्याच बाजूला राहता." यावर हसलं कुणी नाही. मला हसू आलं होतं, पण मी जावई, आणि समोर माझी बायको होती.

खरं भांडण घरात झालं. माझी बायको बापावर जीव टाकते, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला. "बाबा, दुसरं काय आहे तुमच्याकडे? हे एक घर आहे. तेही तुम्ही रस्त्यात घालणार? आयुष्यभर लोकांच्या जमिनींवर रेघा मारल्यात, आता स्वतःच्या घरावर मारताय." सासरे खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. ते म्हणाले, "तू बोललीस तेच मी कालपासून मनात म्हणतोय. त्या रेघा कुणाच्या ना कुणाच्या अंगणातूनच गेल्या असतील ना गं? लोक कचेरीत यायचे, रडायचे, भांडायचे. मी त्यांना सांगायचो, गावाच्या भल्यासाठी आहे, थोडं सोसा. आता माझ्या अंगणात रेघ आल्यावर मी ती सरकवली, तर मी त्या माणसांशी खोटं बोललो असं होईल." सासूबाई आत कपबशा विसळत होत्या, त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

सोसायटीने त्यांच्याशिवायच हरकत लिहून दिली, सासऱ्यांनी आपला वेगळा अर्ज दिला. सुनावणीच्या दिवशी सगळी सोसायटी टेम्पो करून निघाली. सासरे एकटे चालत निघाले. ते जिना उतरेपर्यंत सासूबाई पदर सारखा करत मागून आल्या. "तू कुठे?" सासऱ्यांनी विचारलं. "चला," सासूबाई म्हणाल्या. "भरल्या सभेत एकट्याने उभं राहिलेलं बरं दिसत नाही." सुनावणीला बसलेला अधिकारी तरुण होता, सासऱ्यांचा मुलगा शोभला असता अशा वयाचा. नाव पुकारल्यावर त्याने विचारलं, "आजोबा, तुमची हरकत काय?" सासरे म्हणाले, "हरकत नाही." "मग आलात कशासाठी?" "तेच सांगायला. ज्याची हरकत नसते तो येतच नाही, म्हणून तुम्हाला वाटतं की सगळ्यांचीच हरकत आहे. फक्त एक सूचना आहे. पदपथ दोन्ही बाजूंनी ठेवा. आमच्या बाजूने जागा कमी पडली तर अजून घ्या." मागे बसलेल्या सोसायटीतून एक हुंकार उठला. अधिकारी गोंधळून सासूबाईंकडे वळला. "आजी, तुमचं काय म्हणणं?" सासूबाई म्हणाल्या, "माझी हरकत आहे. पण ती ह्यांच्यावर आहे. रस्त्यावर नाही." मी हे सगळं भिंतीला टेकून बघत होतो. बेचाळीस वर्षांच्या संसाराबद्दल इतकं कमी शब्दांत इतकं नेमकं निवेदन सरकारदरबारी दुसरं झालं नसेल.

त्यानंतरचा काळ वाईट गेला. जिन्यात भेटलेली माणसं चप्पल नीट करायला वाकायची. दरवर्षी सोसायटीच्या गणपतीत दर्शनाची रांग सासरे आखायचे. त्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही. खिडकीतून खाली पाहत ते बसले होते, रांगेचा गुंता होत होता, येणारे जाणाऱ्यांच्या अंगावर जात होते, आणि ते खिडकीचा गज धरून नुसते बघत होते. "जा की खाली," सासूबाई म्हणाल्या. "बोलावलं नाही," ते म्हणाले. सासूबाई स्वतः खाली गेल्या, कुणाशी न बोलता आरती करून प्रसाद घेऊन आल्या आणि त्यांच्या तळहातावर खोबरं ठेवत म्हणाल्या, "रांग फार वाईट होती." त्यांना तेवढ्यानेही बरं वाटलं.

आराखडा पुढे सरकला, रस्ता नकाशावर राहिला, आणि जमिनीवर काहीच झालं नाही. असंच चालतं, याचं सासऱ्यांना नवल नव्हतं. मग एके दुपारी पाण्याचा टँकर मागे घेताना सोसायटीची कंपाउंडची भिंत अर्धी आडवी झाली. दोन दिवसांनी सेक्रेटरी आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाले, "काका, भिंत बांधायला घेतोय. जुन्या जागी बांधली तर कधीतरी रस्ता आल्यावर परत पाडायची. दुप्पट काम. तर म्हटलं, तुम्हाला विचारावं, कुठून घालायची." एवढं बोलून त्यांनी खाली पाहत पुढे म्हटलं, "आईला परवा खुर्चीवर बसवून खाली आणलं आम्ही. आपल्याच गेटातून रिक्षा आत वळेना." सासऱ्यांनी 'मी म्हणत नव्हतो का' असं म्हटलं नाही. ते उठून चुन्याची फक्की शोधायला लागले.

खाली सगळी सोसायटी जमली. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं सेक्रेटरींच्या. सासरे वाकून फक्कीची रेघ ओढायला लागले आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की त्यांचा हात थरथरतोय. ज्या हाताने आख्ख्या तालुक्यावर रेघा ओढल्या, त्याला एका अंगणापुरती सरळ येईना. त्यांनी पुसून पुन्हा ओढली, ती आणखी वाकडी आली. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या, म्हणाल्या, "आणा इकडे," आणि उंबऱ्यावर रांगोळीची रेघ ओढावी तशी चिमटीतून फक्की सोडत त्या मागे मागे सरकत गेल्या. रेघ सुतासारखी आली. ती अनंताच्या झाडाच्या अलीकडून गेली, झाड बाहेर राहिलं. त्यांनी ते पाहिलं, हात झटकले आणि चहा टाकायला वर गेल्या. पुढे तिन्ही झाडं काढून गच्चीवरच्या पिंपांत लावली. कढीपत्ता जगला, जास्वंदही धरली. अनंत मात्र लागला नाही.

आता तिथे विरारमधला सर्वांत आखूड रुंद रस्ता आहे. एका बिल्डिंगच्या लांबीचा. त्याच्या आधी गल्ली, त्याच्या पुढे गल्ली. रिक्षा तिथे वळतात, भाजीवाला गाडी लावतो, चाळीतली मुलं क्रिकेट खेळतात. पलीकडच्या बिल्डिंगची भिंत अजून जुन्या जागीच आहे. ते लोक ती पडायची वाट बघताहेत, असं सासरे म्हणतात. आयुष्यात आखलेल्यांपैकी किती रस्ते झाले हे त्यांना ठाऊक नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला हा एकच.

गुडघ्यांमुळे हल्ली ते लांब फिरत नाहीत. सूर्य कलला की दोघं खाली उतरतात आणि तेवढ्याच रस्त्यावर ये-जा करतात. गेल्या रविवारी मी त्यांच्या खिडकीत उभा राहून बघत होतो. इथेही गल्लीच होती तेव्हा दुचाक्यांच्या गर्दीतून ते नेहमी पुढे आणि सासूबाई चार पावलं मागे, अशीच त्यांची इतक्या वर्षांची चाल होती. गल्लीने दुसरी मुभा कधी दिलीच नव्हती. या रस्त्यावर मात्र ती दोघं शेजारी शेजारी चालत होती, हळूहळू, काहीतरी बोलत. रस्ता संपून पुन्हा निमुळता होतो तिथे पोचल्यावर सासरे थांबले, भिंतीला अंग लावून उभे राहिले आणि त्यांनी सासूबाईंना पुढे जाऊ दिलं.